आशूच्या ताटाचं वजन

माझ्या पोरीचं जेवणाचं ताट त्यांनी काट्यावर ठेवलं. भरलेलं. शाळेच्या ओसरीवर, साठ लेकरांसमोर. खिचडीतून वाफ निघत होती. आशू हात धुऊन आली होती, ते ओले हात तसेच पुढं धरून उभी होती. तिला कुणी बस म्हणेना, कुणी जा म्हणेना.

आकडा वाचायला मुख्याध्यापक सर वाकले. चष्मा सावरला.

"चारशे साठ ग्रॅम," ते म्हणाले.

त्याआधी आबांच्या पुतण्याच्या पोराचं ताट मोजलं होतं. ते चारशे दहा भरलं होतं.

आबा म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. नदीपर्यंतची रानं त्यांची. निवडणूक कुठलीही असो, पुढाऱ्याची गाडी आधी त्यांच्या दारात थांबते. आबा हसले. मग लेकरांकडं वळले.

"बघा रं. तुमच्या तोंडचं कुठं जातंय ते बघा."

लेकरं काय बघणार. त्यांनी माझ्या पोरीकडं बघितलं. आशू तिसरीत आहे. तिनं मान खाली घातली आणि ओले हात फ्रॉकला पुसले.

मी चुलीपाशी उभी होते. हातात पळी होती.

मी या शाळेत खिचडी शिजवते. कागदावर मला मदतनीस म्हणतात. गाव केज तालुक्यातलं. नाव सांगत नाही, सांगितलं तर गावाची नाही, माझीच चौकशी होईल. आमचं घर भीमनगरात, गावाच्या खालच्या अंगाला. हे काम मला मिळालं तेव्हा वरच्या आळीतली लेकरं दोन महिने घरून डबे आणत होती. डबे का येतायत, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मग हळूहळू डबे बंद झाले. चुलीवर फोडणी बसली की लेकरांना माझी जात आठवेना. मोठ्यांना मात्र आठवत राहिली.

लोक मला संशयी म्हणतात. आहे मी संशयी. कुणी गोड बोललं की मी आधी त्याच्या मागं कोण उभं आहे ते बघते. त्या दिवशी सकाळी आबांचा माणूस किराणा दुकानातला काटा काखेत मारून फाटकातून आत आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सर माझ्या नजरेला नजर देईनात. एरवी "बाई, मीठ बघा हो" म्हणत चुलीपाशी दोन फेऱ्या मारणारा माणूस. त्या दिवशी फळ्याकडं तोंड करून उभा.

मधली सुट्टी झाली, लेकरांना वाढून झालं, तेव्हा कुठं त्यांनी सांगितलं.

"तक्रार आलीया, बाई. तुमी तुमच्या लेकीला जास्त वाढता म्हणं."

"कुणी केली?"

"ते सांगता येत न्हाई."

आजही मला माहीत नाही. रस्त्यानं कुणी रामराम घातला तरी मनात येतं, हीच असेल. हाच असेल. कधी वाटतं, तक्रार कुणी केलीच नसेल.

तर काट्यावर चारशे साठ. आबा मला म्हणाले, "बोल की आता. कावून गप झालीस? सरकार गावच्या लेकरांसाठी धाडतंय. तुझ्या घरच्यासाठी न्हाई."

खरं सांगते, त्या क्षणी मी माफी मागणार होते. न केलेल्या गोष्टीची. "चुकलं आबा" हे शब्द जिभेवर आले होते. लहानपणापासून ते तिथंच असतात, शोधावे लागत नाहीत.

पण माझी नजर ताटावर गेली. लेकरं घरून आपापलं ताट आणतात. पुतण्याच्या पोराचं ताट बाजारातलं, पातळ, बोटानं दाबलं तर वाकेल असं. आशूचं ताट माझ्या लग्नातलं. जाड स्टीलचं, उभ्या काठाचं, मागं माझ्या आईचं नाव कोरलेलं. ते रोज दप्तरात वागवताना पोरीचा खांदा दुखतो.

आबा कापूस विकायला जातात तेव्हा भरलेली गाडी एकदा मोजतात आणि रिकामी गाडी पुन्हा मोजतात. रिकाम्या गाडीचं वजन वजा झाल्याशिवाय पावतीला हात लावत नाहीत. यावरून ते काटेवाल्याच्या अंगावर धावून गेल्याचं मी ऐकलंय. आणि माझ्या पोरीच्या वेळी हे विसरले? की विसरले नव्हते?

"रिकामं ताट मोजा," मी म्हणाले.

"काय?"

"दोनी ताटं रिकामी करा. मंग मोजा."

"तू मला शिकिवतीस?"

"न्हाई आबा. मोजा म्हणतीय."

आवाज माझाच होता, पण मलाच ओळखू येईना. सर हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिले. तेवढ्यात मागच्या रांगेतून सातवीतली एक मुलगी उठली. आबांच्याच भावकीतली.

"सर, बरोबर हाय की. भांड्याचं वजन वजा करायचं असतंय. तुमीच शिकिवलंय आमाला."

आता सरांना करावंच लागलं. खिचडी दोन झाकणांवर काढली. रिकामी ताटं काट्यावर ठेवली. आशूचं अडीचशे. पुतण्याच्या पोराचं एकशे वीस. त्या मुलीनंच बोटांवर हिशोब केला आणि मोठ्यानं सांगितला.

"त्याची खिचडी दोनशे नव्वद. आशूची दोनशे दहा."

मी जिंकले होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. ऐंशी ग्रॅम कमी. ते ऐंशी ग्रॅम कुणी काढले होते ते मला माहीत होतं. मीच काढले होते. त्या एका दिवशी नाही, रोज. दीड वर्षं.

कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात हापशावर बायका बोलल्या होत्या, "आता काय बाई, हिच्या पोरीची चंगळ हाय." हसत बोलल्या. मीही हसले. पण तेव्हापासून आशूची पाळी आली की माझा हात आखडायचा. कुणाला बोलायला जागा नको. इतरांना भरून, तिला जरा कमी. घरी गेल्यावर भाकरी घालू तिला, असं मनाशी म्हणायचे. घरी कधी भाकरी असायची, कधी चहात बुडवलेलं कडक बटर. शाळेत तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी तिचं वजन बघून दोनदा मान हलवली होती. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडं सगळेच हाडकुळे, अंगकाठीच तशी. खोटं होतं ते. बोलताना माझी मलाच लाज वाटत होती, तरी बोलले.

मला वाटलं, आता तरी आबा गप्प बसतील. आकडा समोर होता.

आबा म्हणाले, "लई हुशार हाय बाई. काटा येनार हे कळलं आसंल हिला. म्हनून आज कमी वाढलंय."

आबांच्या बरोबरची दोन माणसं हसली. सरांनीही ओठ हलवले. हसले की काय, कळलं नाही.

आणि तिथं माझे डोळे उघडले. जास्त वाढलं तर चोर. कमी वाढलं तर हुशार चोर. मग दीड वर्षं मी कुणाचं तोंड बंद करत होते? पोरीच्या पोटातलं काढून कुणाला दाखवत होते? ज्यांना बघायचंच नव्हतं त्यांना. मला स्वतःचा इतका राग आला की हातातली पळी मी पातेल्यात टाकून दिली.

"आबा, काटा आणलाच हाय तर तांदूळबी मोजू."

"कसला तांदूळ?"

"कोठीतला. मला सर रोज डब्यानं काढून देतात त्यो. भितीवर लिवलंय, पाचवीपतुरच्या लेकराला शंभर ग्रॅम तांदूळ, ईस ग्रॅम डाळ, वरच्या वर्गाला त्याहून जास्त. आज साठ लेकरं हायेत. कमीत कमी सा किलो तांदूळ व्हतोय. त्या डब्यात किती बसतोय ते मोजा. आत्ता. लेकरांपुढं."

भिंतीवरचा तो तक्ता निळ्या रंगात रंगवलेला आहे. रोज त्याच्याखालीच मी भांडी घासते. मला वाचता येतं, हे बहुतेक कुणाच्या ध्यानात नव्हतं. त्या डब्यात सहा किलो बसत नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तरी मी गप्प होते. कमी पडतंय दिसलं की दोन तांबे पाणी वाढवायचे, डाळ घोटून घोटून पातळ करायचे, सगळ्यांच्या ताटात काहीतरी पडेल असं बघायचे. ते पाणी माझ्या हातानं पडत होतं. हे मी लपवणार नाही.

सरांचा हात खिशावर गेला. कोठीची चावी त्याच खिशात असते.

आबा काट्याकडं वळले. "चला रं. काटा दुकानाचा हाय. गिऱ्हाईक खोळंबलं आसंल."

काटा गेला. आबांना एवढ्या घाईत मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी मला चुकलं म्हणालं नाही. आशूला कुणी बस म्हणालं नाही. ती झाकणावरची गार खिचडी घेऊन भिंतीकडं तोंड करून जेवली.

शाळा सुटायच्या आधी सर हापशापाशी आले. इकडंतिकडं बघितलं आणि हळू बोलले.

"बाई, मी तुमच्याच बाजूनं हाय. पण आबांचं तुमाला ठाऊक हाय. जरा माफी मागून टाका. मिटवून घ्या."

माझ्या बाजूचा माणूस मलाच माफी मागायला सांगत होता. मी विचारलं, "सर, कोठी कवा उघडायची मग?" ते आले तसे गेले.

घरी जाताना आशू माझ्या पुढं चालत होती. ऊन तापलं होतं. ताट मी माझ्याकडं घेतलं. ती मागं न बघता म्हणाली,

"आई, मला ठाऊक व्हतं."

"काय गं?"

"तू मला कमी वाढतीस ते. माझा नंबर आला की तू पळी झटकतीस."

मी रस्त्यातच थांबले. "मंग बोलली न्हाईस कावून?"

"तुला चोर म्हणतील म्हणून."

आठ वर्षांची पोर. मी घाबरून तिला उपाशी ठेवत होते आणि ती मला सांभाळून घेत होती. आम्हा दोघींना हे कुणी शिकवलं? मला रडू आलं नाही. इतकी चीड आली की दात आवळले गेले. मी तिला जवळ घेतलं तर ती म्हणाली, "लोकं बघतेत." तेही ती माझ्याकडूनच शिकली होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. सरांनी डबा भरून तांदूळ काढून दिला आणि कोठीला कुलूप घातलं. मी चूल पेटवली. लेकरांवर माझा राग नव्हता. पण वरचं पाणी घातलं नाही. डाळ घोटली नाही. आणि वाढताना प्रत्येकाच्या ताटात पळी काठोकाठ भरून टाकली, दोनदा. आशूची पाळी आली. सगळ्या ओसरीचे डोळे माझ्या हातावर होते. मी पळी भरली, सगळ्यांसारखी. तशीच रिकामी केली. दुसरी भरली. तीही रिकामी केली. पोरीनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि जाऊन रांगेत सगळ्यांच्या मधोमध बसली.

पातेलं संपलं तेव्हा सतरा लेकरं राहिली होती. रिकामी ताटं घेऊन उभी. त्यांत आबांच्या पुतण्याचं पोरगंही होतं.

मी त्या सतरा जणांना घेऊन सरांच्या खोलीच्या दारात गेले.

"सर, पातेलं संपलं. ही लेकरं ऱ्हायली. तांदूळ काढा."

"पुरलं न्हाई? रोज पुरतंय की."

"रोज पाणी पुरत व्हतं. आज खिचडी केली."

सर खुर्चीतून उठेनात. लेकरं दारातून हलेनात. एकानं ताट वाजवायला सुरुवात केली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. आवाज चावडीपर्यंत गेला असेल. शेवटी सरांनी चावी काढली. मी पुन्हा चूल पेटवली. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतरच्या तासालाही शाळेत खिचडीच चालू होती.

येत्या सोमवारी समितीची बैठक आहे. मला काढायचं ठरलंय, असं कानावर आलंय. सांगणारी बाई लई कळवळून सांगत होती, म्हणून तिच्यावरही माझा विश्वास नाही. पण बातमी खरी असावी. माझ्या जागी कोण येणार तेही ठरलं असेल. तांदळाच्या नोंदवहीत अंगठा कुठं लावायचा, डब्यात किती बसतं, पाणी कधी वाढवायचं, हे तिला आधीच समजावलं असेल.

मी बैठकीला जाणार आहे. माफी मागणार नाही. या कामाची मला गरज आहे, खोटं कशाला बोलू. पण आशूच्या पोटातलं काढून आणि पातेल्यात पाणी ओतून ते टिकवायचं असेल तर ते मला नको. काढा म्हणावं. मदतनीस म्हणून काढतील. त्याच लेकरांतल्या एकीची आई म्हणून मला काढायचा कागद त्यांच्याकडं नाही. आशूचं नाव त्या शाळेच्या पटावर आहे आणि ते राहणार आहे. मंगळवारी सकाळी कोठी उघडायच्या वेळेला मी तिथं दारात उभी असेन, बुधवारीही असेन. तांदूळ माझ्या डोळ्यांसमोर मोजल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.