दोन बोटं मनगटावर

त्या दिवशी मॅच नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण ईरा आणि नचिकेत, तुम्ही दोघांनी ऑकलंडहून फोनवर रडत मला जे विचारलंत त्याचं निम्मं उत्तर त्यात आहे. ईरा म्हणाली होती, "अज्जी, डॉक्टर नको म्हणत असताना तू अज्जांना ग्राउंडवर जाऊच कसं दिलंस?" अज्जा ग्राउंडवर गेले नाहीत. बुधवारची सकाळ होती. बनशंकरीतल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात ऊन आलं होतं आणि ते वेताच्या खुर्चीत बसून अवरेकाळू सोलत होते. तुम्ही त्यांना पावटे म्हणाल. रात्रभर भिजवलेला दाणा चिमटीत दाबला की आतला गर सुळकन उडतो आणि साल बोटात राहते. तो गर स्टीलच्या पातेल्यात पडला की टण् वाजतं. मी आत सांबाराचा मसाला वाटत होते, आणि त्या आवाजामुळे बाहेर सगळं ठीक आहे हे मला न बघताही कळत होतं. मॅच नसलेल्या दिवशी मी त्यांच्याकडे सारखं वळून बघत नसे. तेवढीच माझ्या भीतीला सुट्टी. मी मिक्सर सुरू केला, बंद केला. बाहेर टण् वाजलं नाही. आता वाजेल म्हणून मी झाकण हातात धरून उभी राहिले... वाजेल, आता वाजेल... आणि मग मला कळलं की मला व्हरांड्यात जायचंच नाहीये.

आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्याविषयी लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी ठरवलं की लिहीन ते तुम्हालाच. बाकीच्यांनी शेजारी बसून वाचावं. अज्जांना तुम्ही सुट्टीत भेटलात, तेव्हा ते तुम्हाला शांत, थोडे विसराळू आणि फार गोड खाणारे वाटले असतील. शनिवारचे अज्जा तुम्ही पाहिले नाहीत. ज्या कॉलेजात ते शिकले, तिथल्या फुटबॉल टीममध्ये ते फुल बॅक होते, म्हणजे आपल्या गोलसमोर उभं राहून समोरच्याला अडवणारे. कॉलेज संपलं, नोकरी झाली, निवृत्तीही झाली, पण कॉलेजच्या टीमची मॅच मात्र कधी चुकली नाही. मैदानाच्या एका बाजूला दगडी पायऱ्या आहेत. त्यातल्या तिसऱ्या पायरीवर, चिंचेच्या झाडाजवळ, त्यांची जागा होती. टीम जिंकली की ते घरी येताना शिवाजीनगरात उतरून समोसे आणत. हरली की आपण काहीच विचारायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. लग्न झालं तेव्हापासून मी समोशांवरून निकाल ओळखत आले. मॅच बघायला मात्र मी कधी गेले नव्हते.

मग त्यांच्या हार्टचं निघालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मीठ कमी सांगितलं, आणि शेवटी सहज म्हणाले, "एक्साइटमेंट टाळा." अज्जांनी विचारलं, "डॉक्टर, आमची टीम बघितलीय का तुम्ही? एक्साइटमेंट कुठली त्यात!" डॉक्टर हसले. मी हसले नाही. तुमच्या बाबाने तर फोनवर हुकूमच सोडला, की ग्राउंड बंद. पण त्या नोव्हेंबरात सीझन सुरू झाला आणि पहिल्या शनिवारी जेवण झाल्यावर ते बूट घालून दाराशी उभे राहिले. मी म्हटलं, "मी येते. आणि मनगट माझ्या हातात द्यायचं." मी शाळेत बायॉलॉजी शिकवायचे. दर वर्षी आठवीच्या मुलींना नाडी बघायला मी शिकवत असे, दोन बोटं, अंगठा नाही. ते कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि हात पुढे केला, जणू बेड्याच घालून घेत होते.

असं जवळजवळ सबंध सीझन मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले. बरोबर एक पिशवी असायची. तिच्यात बिनसाखरेच्या कॉफीचा फ्लास्क, दोन पेले, त्यांना दगड टोचू नये म्हणून चपटी निळी उशी, आणि चष्म्याच्या जुन्या डबीत जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. मी मैदानाकडे बघत नसे. मी त्यांच्या गालाकडे बघत असे आणि माझी दोन बोटं त्यांच्या मनगटावर असत. मागच्या पायरीवरची पोरं चिडवायची, "काय अंकल, लव्ह मॅरेज का?" अज्जा मागे न वळता सांगायचे, "अटक झालीय मला. जामीन नाही." सगळे हसायचे आणि मी तेवढ्यात नाडीचे ठोके हरवून बसायचे. फुटबॉल मला कळला तो असा, बोटांच्या टोकांतून. कॉर्नर मिळाली की ठोके लागोपाठ येत. आपला फॉरवर्ड एकटा पुढे निघाला की एखादा ठोका चुकल्यासारखा वाटे. आणि बॉल मागे आपल्या गोलकीपरकडे आला की काय व्हायचं, ते सांगते.

त्या वर्षी कोच नवा होता, डॉमनिक. कँटोन्मेंटकडचा, स्वतः कधीकाळी याच टीममधून खेळलेला, चाळिशीचा शांत माणूस. त्याने येताच पोरांचं लांब मारणं बंद केलं. आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येत नाही. त्याला तो पायानेच खेळावा लागतो. जुन्या पद्धतीत तो डोळे मिटून पार दुसऱ्या टोकाला उडवून द्यायचा. डॉमनिकचा गोलकीपर मात्र तो पायात धरून ठेवायचा. फैझान त्याचं नाव. शिवाजीनगरचा, उंच, काटकुळा, फर्स्ट इयरचा. समोरचा फॉरवर्ड धावत अंगावर येईपर्यंत तो उभा, आणि मग हळूच बाजूला छोटा पास. पाय जरा चुकला तर गोल मोकळा. त्या क्षणी अज्जांचा हात माझ्या हातात दगडासारखा व्हायचा. "लांब मार!" ते ओरडायचे. "अरे, लांब मार रे बाबा!" आणि मग माझ्याकडे वळून, "कोच आहे की नाचाचा मास्तर? बॅकचं काम पास नाही, बंदोबस्त!" मी म्हणायचे, "अहो, हळू." पहिल्या काही मॅच आपण हरलो, त्यातले दोन गोल अशाच चुकलेल्या पासांवर. टीम लीगच्या तळाला गेली. तळाला राहिलं तर पुढच्या वर्षी खालच्या गटात खेळावं लागणार होतं, आणि आमचं कॉलेज त्या गटात कधीच गेलं नव्हतं. अज्जांना रात्री झोप येईना. मला तर त्यांच्या आधीपासूनच येत नव्हती.

डिसेंबरातल्या एका मॅचला जे व्हायचं ते झालं. फैझानने पास दिला, तो समोरच्याच्या पायात गेला. गोल झाला नाही, बॉल खांबाला लागून बाहेर गेला, पण माझ्या बोटांखाली एकदम काहीच लागेना. मग दोन ठोके, मग पुन्हा काही नाही. अज्जांच्या ओठांवर घाम आला होता. मी डबी उघडली, गोळी जिभेखाली ठेवली आणि आजूबाजूला कुणाला कळू नये म्हणून उशी सरळ करतेय असं दाखवत राहिले. थोड्या वेळाने नाडी परत आली, चोरासारखी. ते कुजबुजले, "सुमी, आपल्या पोराला सांगू नकोस." मी त्यांना धरून ऑटोत बसवलं. ऑटोवाला म्हणाला, "निदान अम्मा, निदान," सावकाश या म्हणून. मी अज्जांचा हात घर येईपर्यंत सोडला नाही. बाबाला मात्र मी सांगितलं. तो म्हणाला, "आई, आता हे थांबव." मी थांबवलं.

आणि हे मला तुम्हाला नीट सांगायचं आहे. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो नाही. अज्जा भांडले नाहीत. म्हणाले एवढंच, "तू जुन्या पद्धतीची कोच. भीती वाटली की लांब मारतेस." मॅचच्या वेळी ते डायनिंग टेबलाशी बसले, बूट घालून. पेपर उघडला, पान उलटलं नाही. घड्याळाकडे बघणं, खिडकीकडे बघणं, उठणं, बसणं. मी सहज हात पुढे केला, त्यांनी सवयीने मनगट दिलं. ईरा, त्या दिवशी घरात, पंख्याखाली, कुठलाही बॉल समोर नसताना त्यांची नाडी जेवढी धावत होती, तेवढी ग्राउंडवर कधी धावली नव्हती. एखाद्या बंद खोलीत कुणी दार बडवावं तशी. मी पुन्हा बघितली, हात बदलून बघितली. ग्राउंडवर निदान कॉर्नर संपायची, मध्यंतर व्हायचं, ते कॉफी प्यायचे. घरी ती भीती संपतच नव्हती. त्या संध्याकाळी मी तुमच्या बाबाला फोन करून सांगितलं की आम्ही जाणार. तो खूप रागावला. माझं चुकलं असेल का? मला माहीत नाही. माझ्या बोटांना जे कळलं तेवढंच मला कळलं, आणि आजही मला याची भीती वाटते की बोटांनी मला हवं तेच सांगितलं असेल.

त्यानंतर अज्जा थोडे बदलले. एकदा मॅचआधी ते डॉमनिकशी तारेच्या कुंपणापाशी बोलत उभे राहिलेले मी पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी चटणीच्या वाट्या, सांबाराची वाटी, मिठाची डबी टेबलावर मांडून मला सगळा खेळ समजावला. "आपली पोरं बुटकी आहेत. हवेतला बॉल त्यांना मिळतच नाही. लांब मारला की पाच मोजायच्या आत परत आपल्याच गोलवर. म्हणून तो म्हणतो, जमिनीवर ठेवा, आपल्यापाशी ठेवा." इडलीचा तुकडा त्यांनी वाट्यांमधून हळूहळू पुढे नेला. मी विचारलं, "मग तुम्ही ओरडता कशाला?" तर म्हणाले, "बरोबर आहे तो. मला भीती वाटते, एवढंच." मग तो तुकडा खाऊन टाकला. जानेवारीत आपण सलग दोन मॅच जिंकलो, एक बरोबरीत सुटली. दोन वेळा समोसे आले; मी त्यांना अर्धाच देत असे. शेवटची मॅच उरली होती. बरोबरी झाली तरी आपण वरच्या गटात राहणार होतो. ती अडीच आठवड्यांवर असताना एका बुधवारी मी मिक्सर बंद केला आणि...

शेवटची मॅच कॉलेजने पुढे ढकलली नाही, ढकलावी असं मला वाटलंही नाही. ती अज्जांच्या तेराव्यानंतरच्या शनिवारी आली. तुमचा बाबा परत गेला होता. जेवण झालं आणि मी फ्लास्क भरला. एकच पेला घ्यायचा की दोन, यावर ओट्याशी बराच वेळ उभी राहिले, आणि दोन घेतले. तिसऱ्या पायरीवर त्यांची उशी मांडली आणि तिच्या डाव्या बाजूला बसले. मागच्या पोरांनी आज चिडवलं नाही. कुणीतरी म्हणालं, "अम्मा, सावलीत सरका," आणि मी म्हटलं, "इथेच बरं आहे."

पहिल्यांदाच मी मैदानाकडे बघितलं. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, कारण आता समोर कुणाचा गाल नव्हता. जे व्हायचं ते थेट माझ्याच अंगावर येणार होतं. पूर्वार्धात फैझानचा तोच पास चुकला. गोल. तो गुडघ्यांवर बसला. मी डॉमनिककडे पाहिलं. तो आता लांब मारायला सांगेल अशी माझी खात्री होती, मी असते तर सांगितलं असतं. त्याने दोनदा टाळ्या वाजवल्या आणि बोटाने जमीन दाखवली. खालीच. परत. उत्तरार्धात कॉर्नरवरून आपण गोल फेडून बरोबरी साधली, आणि मग अगदी शेवटी, रेफ्री घड्याळ बघत असताना, बॉल पुन्हा मागे फैझानकडे आला. समोरून दोघं धावत सुटले. सगळ्या पायऱ्या ओरडत होत्या, "लांब मार!" माझा हात उशीवर गेला. दोन बोटं तिच्यात रुतवून मी बसले. तो उभा राहिला. अजून उभा. जवळ आले, अगदी जवळ... आणि त्याने तो हळूच, दोघांच्या मधून, बाजूला सरकवला. माझ्या तोंडून आवाज निघाला तो ओरडण्याचा नव्हता. शिट्टी वाजली तेव्हा मला कळलं की मी उभी आहे, उशी छातीशी धरून.

फैझान माझ्याकडे आला, कोपर खरचटलेलं, गुडघ्याला लाल माती. "आंटी, अंकल होते तो आज क्या बोलते?" मी म्हटलं, "लंबा मार, बोलते." तो हसला आणि मग त्याला रडू आलं. मी दुसरा पेला काढला आणि त्याला कॉफी दिली. बिनसाखरेची आहे, हे सांगायचं राहिलं. एका घोटातच त्याचा चेहरा वाकडा झाला, पण त्याने संपवली. परतताना मी शिवाजीनगरात उतरून समोसे घेतले.

गोळ्यांची डबी अजून पिशवीत आहे. काढायला हवी, मी वस्तू अशा पडू देणारी बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. निळी उशी मात्र मी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत ठेवली आहे आणि सकाळी ऊन आलं की तिच्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसते. खुर्चीच्या हातावर दोन बोटं ठेवते. तिथे काही लागत नाही, हे बायॉलॉजीच्या टीचरला सांगायला नको. पण ज्या दिवशी मॅच नसते त्या दिवशी मी बोटं उचलत नाही.