ओडवारचा प्रोग्राम गोठवला ती दुपार

टोरबियोर्गला एका जागी स्वस्थ बसवत नसे. ओलेसुंद बंदरातल्या आमच्या लहानशा हवामान कचेरीत संगणक सांभाळायचं काम तिचं. हातात पाव धरून ती संगणकाच्या काळ्या पडद्यापाशी उभी राहायची, एक आज्ञा टाईप करायची आणि मशीनवर त्या घडीला काय काय चालू आहे ते वाचत राहायची.

"अगं, बसून खा तरी," मी म्हणायचे.

"खातेय की."

त्या नोव्हेंबरात वादळानं अचानक दिशा बदलली. लाटांचा नवा अंदाज तातडीनं बोटींना कळवायचा होता आणि मशीनवरचं गणित रखडलं होतं. टोरबियोर्गचा भाऊ शेल त्याच पट्ट्यात मासे धरायला गेलेला. तिनं मशीनवरच्या चालू कामांची यादी काढली. सगळ्यात वर ओडवारचा प्रोग्राम. आमच्या या जुन्या संशोधकाचं हिमनद्यांचं गणित कित्येक आठवडे अखंड चालू होतं. मशीनची जवळजवळ सगळी ताकद तेच खात होतं.

तिनं त्याचा अग्रक्रम खाली ढकलला, म्हणजे मशीन आधी बाकीची कामं करेल. फरक जेमतेम पडला. मग तिनं फोन लावला.

"ओडवार, तुझं काम थांबवावं लागेल."

"हात लावू नकोस. संपतच आलंय."

"बोटी बाहेर आहेत रे."

"मग दुसरं काहीतरी बंद कर."

"दुसरं काही नाहीये."

त्यानं फोन ठेवला. ती खिडकीशी गेली, दाराशी गेली, परत आली.

"प्रोग्राम मारत नाही, नुसता गोठवते. नंतर तिथूनच पुढे चालेल," ती मला म्हणाली आणि आज्ञा दिली.

अंदाजाचं गणित मोकळं सुटल्यासारखं धावलं. इशारा गेला, बोटी बेटांच्या आडोशाला वळल्या. तिनं लगेच ओडवारचा प्रोग्राम जागा केला. तो थोडा वेळ चालला आणि बंद पडला. मधल्या वेळात माहिती पुरवणाऱ्या मशीनशी त्याचा संबंध तुटला होता. बऱ्याच दिवसांचं काम वाया गेलं.

ओडवार खालच्या मजल्यावरून वर आला तो लालबुंद होऊन.

"मी नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

मग त्यानं विचारलं, "शेल पोचला का?"

"कळलं नाही अजून."

त्यानं खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. ती मात्र उभीच.

संध्याकाळी शेलचा फोन आला. इशारा ऐकून घाईनं वळताना जाळी कापून टाकावी लागली म्हणून तो तिच्यावरच खेकसला. तिनं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ओडवारनं गणित पुन्हा सुरू केलं. अग्रक्रम त्यानं स्वतःच सगळ्यात खालचा ठेवला होता.