मलप्पाच्या टोचनचा हॉर्न

माझ्या धाकट्या भावाला लातुरात मलप्पा टोचन म्हणतात. बंद पडलेली गाडी आपल्या गाडीला बांधून ओढत न्यायची, याला आमच्याकडे टोचन लावणं म्हणतात, आणि मलप्पाचा धंदा तोच. त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप होती. मागे लोखंडी हूक, हुकाला साखळदंड. "अक्का, ही जीप तुझ्यापेक्षा वयानं मोठी हाय, आन् तुझ्यापेक्षा जास्त बोलती," असं तो चारचौघांत म्हणायचा. मी त्याला दोनदा लाटणं फेकून मारलं, पण त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

त्या जीपचा हॉर्न आपल्या मनाने वाजायचा. उभ्या जागी, किल्ली काढलेली असताना, कुणी हात लावला नसताना. वाजायचा आणि गप्प बसायचा. मग आठवडाभर एखाद्या सासुरवाशिणीसारखा मुकाट, की परत एका दुपारी बोंब.

भूकंपाला तेव्हा पाचेक वर्षं झाली होती. लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं आणि औसा रोडला माझी क्लासच्या पोरांची मेस होती. जीप मेसच्या दारात उभी असायची. हॉर्न वाजला की औशाची, निलंग्याची, उमरग्याची पोरं हातातला घास टाकून रस्त्यावर पळायची. त्यांनी ती पहाट पाहिली होती. नांदेडची पोरं मात्र जागची हलायची नाहीत. ती शांतपणे पळालेल्यांच्या ताटातलं शिकरण संपवायची. पळालेली परत आली की माझ्याशी भांडायची. त्या हॉर्नने माझं जेवढं शिकरण घालवलं तेवढं मांजरांनीही घालवलं नसेल.

तरी मी सोसत होते. पण त्या हॉर्नने मलप्पाचं लग्न मोडायला घेतलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

मलप्पा पस्तिशीला आला होता. महत्प्रयासाने किल्लारीचं एक स्थळ आलं. मुलगी महानंदा, तिथल्या बालवाडीत शिकवायची. आई भूकंपात गेलेली, घरात ती आणि वडील, संगप्पा अप्पा. मुलगी बघायला आम्ही जीपनेच गेलो. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात, सरळ रेषेतल्या सारख्या घरांत, चहा झाला. मलप्पाने महानंदाकडे बघितलं आणि बशी सोडून मांडीवर चहा ओतून घेतला. म्हणजे मुलगी पसंत होती. महानंदाही पदराआड हसली. आणि बाहेर हॉर्न बोंबलला.

अख्खी गल्ली बाहेर पळाली. एक आजोबा अर्धी दाढी केलेले, एक बाई कणकेच्या हातांची. अप्पा महानंदाला धरून उंबऱ्याबाहेर उभे होते. जीपच आहे हे कळल्यावर ते मलप्पाला म्हणाले, "पाव्हणं, मानूस चांगलं दिसतंय. पण असला आवाज आमच्या गावात चालत न्हाई. पुढच्या खेपेला हे गप बसलं तर पोरगी दिली. न्हाई तर राम राम."

येताना मलप्पा खड्डा दिसला की जीप पायी चालल्यासारखी हाकायचा. बिचारा मुलीच्या प्रेमात पडला होता आणि स्वतःच्या गाडीला घाबरत होता.

मग दुरुस्ती सुरू झाली. गंजगोलाईजवळच्या मेहबूब उस्तादाकडे जीप नेली की हॉर्न एकदम गुणी. दवाखान्याच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो, तसं. मेहबूब दिव्याला दोन वायरी लावून सगळीकडे टेकवून बघायचा आणि म्हणायचा, "मलप्पा, गाडी में कुच बी नै. तेरे कान में है."

"उस्ताद, सगळ्या लातूरच्या कानात हाय मग."

एकदा त्याला हॉर्नच्या वायरची साल निघालेली सापडली. उघडी तार पत्र्याला टेकली की हॉर्न वाजतो, असं त्याने समजावलं, वर काळी पट्टी गुंडाळली. म्हातारी गाडी, वायरीची साल वाळून पडते, हा त्याचा निष्कर्ष. मलप्पाला इतका आनंद झाला की त्याने तिथेच हुकावर नारळ फोडला आणि समोरच्या रसवंतीवाल्यापर्यंत खोबरं वाटलं. आठ दिवसांत हॉर्न परत वाजला. परत उघडी तार, परत पट्टी, परत नारळ.

मी म्हटलं, हॉर्नच काढून टाक. काढला, तर वायपर उन्हात आपोआप फिरायला लागले. वायपरची वायर बदलली, तर उजवीकडचा दिवा सारखा डोळा मारायला लागला, आणि भर बाजारात एक बाई मलप्पाला चप्पल दाखवून गेली. शिवाय ट्रक ओढताना हॉर्नवाचून जीव धोक्यात, म्हणून हॉर्न परत बसवला. प्रत्येक दुरुस्तीनंतर नारळ होताच. मलप्पा फार भाविक. देवाचे आभार मानल्याशिवाय त्याला पाणी जात नाही.

शेवटी मेहबूबने पुढची सगळी वायरिंग नवी घातली. आठवडा गेला, पंधरवडा गेला, हॉर्न गप्प. मलप्पाने दाढी केली, मी पुरणपोळ्या बांधल्या, आणि आम्ही किल्लारीला निघालो. निघताना अर्थातच नारळ फुटला.

वाटेत सगळं ठीक. अप्पांच्या दारात जीप उभी केली तेव्हाही ठीक. बैठक झाली, सुपारी फुटायची बाकी राहिली. अप्पा कान देऊन बसले होते, मलप्पा डोळे मिटून. मीसुद्धा सिद्धेश्वराला साकडं घातलं होतं. अप्पांनी अडकित्ता हातात घेतला.

आणि हॉर्न बोंबलला. थांबेचना.

परत गल्ली रिकामी. या खेपेला आजोबांची दाढी पूर्ण होती, पण धोतर अर्धं होतं. महानंदा तीरासारखी बाहेर गेली. तिने मलप्पाला दरडावलं, "उघडा ते झाकण!"

मलप्पाने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या मागे एक चांगला लठ्ठ उंदीर दोन पायांवर बसून खोबरं खात होता. त्याने आमच्याकडे बघितलं, घास संपवला आणि मग सावकाश उतरून निघून गेला. लातूरहून आमच्याबरोबर मुलगी बघायला आला होता! हॉर्नची नवी कोरी वायर कुरतडलेली होती. मलप्पाने ती पत्र्यापासून दूर ओढली तेव्हा कुठे आवाज थांबला.

"हे खोबरं इथं कसं आलं?" मी विचारलं.

मलप्पा खाली बघून म्हणाला, "इंजिनाचा निवद अक्का. पहिल्यापासून, नारळ फोडला की ठिवतो. खोबरं आन् गूळ. तू रागावशील म्हणून सांगितलं न्हाई."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! गाडी दुरुस्त झाली की हा उंदराला जेवण वाढायचा आणि उंदीर जेवणानंतर वायरीवर दात घासायचा. "गाढवा," मी ओरडले, "कधी दिसला कसा न्हाई तुला?"

"दिसला होता की एकदा. गणपतीचं वाहन हाय, आपल्या वाहनात आलंय, म्हणून हाकललं न्हाई."

गल्ली हसून लोळत होती. अप्पा हसले नाहीत. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "ठरलं होतं ते ठरलं होतं," ते म्हणाले, "राम राम." मलप्पाचं तोंड बघवेना. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला.

तेवढ्यात महानंदा म्हणाली, "अप्पा, मोजा."

"काय मोजू?"

"मानसं. सगळी भाईर आली का बघा."

अप्पांनी गल्लीकडे बघितलं. म्हातारे, पोरं, बाळंतीणसुद्धा बाळाला घेऊन आली होती. घरात कुणी राहिलं नव्हतं.

"त्या पहाटं असा एक हॉर्न वाजला असता," महानंदा म्हणाली, "तर आईबी भाईर आली असती."

अप्पांनी उपरण्याने डोळे पुसले, बराच वेळ पुसले. मग मलप्पाला म्हणाले, "हॉर्न नीट करून घ्या. पण काढू नगा." आणि आत जाऊन त्यांनी सुपारी फोडली.

लग्न किल्लारीतच झालं. पाठवणीला नवरानवरी पुढे, मी मागे, पायाशी रुखवताचे डबे. गल्लीतली माणसं निरोप घेऊन घरात गेली होती. जीप चालू झाली आणि हॉर्न वाजला. मी मलप्पाच्या पाठीत धपाटा घातला, "परत खोबरं ठिवलंस व्हय रे?"

"आईशप्पथ अक्का, मी न्हाई!"

हिरव्या चुड्याचा हात हॉर्नवर होता. महानंदा रडत होती आणि दाबत होती. मी मागे वळून पाहिलं. गल्ली परत बाहेर आली होती, आणि सगळ्यांच्या पुढे अप्पा उभे राहून बोटाने माणसं मोजत होते.