बाबांसाठी आणलेलं मीठ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी मिरवते, आणि मिरवणारच. आई-बाबा गाव सोडून बेंगळुरूला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा बाबांच्या शुगर-बीपीचा कारभार मी हातात घेतला. भात किती, चालायचं किती, सगळं मी ठरवायचं. त्या दोघांनी मान डोलवायची.

शुगरनं रक्तवाहिन्या कडक होतात, मिठानं बीपी वाढून त्यांच्यावर आणखी ताण येतो, पोटॅशियम मात्र त्यांना सैल ठेवतं, असं मी वाचलं. लगेच कमी सोडियमचं, पोटॅशियमवालं मीठ आणून आईच्या हातात दिलं. "आजपासून स्वयंपाकात हेच." आई म्हणाली, "बरं."

महिन्याभरानं बसवनगुडीतल्या डॉक्टरांकडे तपासणी होती. त्यांनी बाबांच्या पावलांवरची नाडी बोटांनी चाचपली आणि कन्नड मिसळलेल्या हिंदीत म्हणाले, "सरी, ठीक आहे, रक्त नीट पोचतंय." मग मी ऐटीत मिठाचं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं.

"पोटॅशियम चांगलंच, मॅडम, पण सगळ्यांना नाही. यांची बीपीची गोळी ते अंगात धरून ठेवते. त्यात शुगर. किडनीनं बाहेर टाकलं नाही, तर हृदयाचे ठोके बिघडतात. रक्त आत्ताच द्या."

रिपोर्ट दुपारी मिळणार होता. बाकावर बसून मी बाबांच्या छातीकडेच बघत होते. मी आणलेलं मीठ, मी चालवलेला हुकूम. बाबा उलट मलाच धीर देत होते. "घाबरतेस कशाला? तू शिकलेली. तुझं चुकायचं नाही."

याहून शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रिपोर्ट आला. पोटॅशियम अगदी बेतात, किडनीही ठीक. डॉक्टर म्हणाले, "ते मीठ बंद करा आणि निवांत घरी जा."

घरी आल्या आल्या आईला सगळं सांगितलं. ती आत गेली आणि डाळींच्या डब्यांमागून ते पाकीट काढून आणलं. जेमतेम चमचाभर कमी झालेलं.

"कडवट लागत होतं गं. एकदाच आमटीत घातलं, तर ह्यांनी तोंड वाकडं केलं. मग जुनंच घालत गेले, जरा हात आखडून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू एवढी शिकलेली. तुला चुकतंय म्हणून कसं सांगायचं? ह्यांनाही बोलले नाही. ह्यांच्या पोटात काही राहतंय होय?"

बाबा उखडले. "म्हणजे महिनाभर मी औषध समजून गिळत होतो ते साधं मीठ?"

"आणि रोज म्हणायचात, आज जास्तच कडू झालंय!" आई म्हणाली.

मला हसू फुटलं ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशीची आमटी मी दोनदा वाढून घेतली.

आता तपासणीला आम्ही तिघं जातो. खाण्यापिण्याचं विचारलं की डॉक्टर माझ्याकडे बघतात, आणि मी आईकडे.