सत्तेचाळीस टक्के

माझा थोरला भाऊ एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होता. अडकलेली कुठलीही गोष्ट त्याला बघवत नसे. कपाटाचा खण अडकला, समोरच्याचं वाक्य अडकलं, तरी हा मदतीला हजर. लिफ्टमध्ये माणसं अडकली की दारावर थाप मारून आधी ओरडायचा, "घाबरू नका, मी आलोय!" मग मेन स्विच खाली, दहा आकडे मोजायचे, स्विच वर. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. "तुमच्या दादाला एवढा एकच इलाज येतो," असं वहिनी मला सांगायची, त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

गेल्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं सर्जनने सांगितलं. हातात तीन आठवडे होते. मी माझा जुना कॉम्प्युटर त्याच्या खोलीत बसवला, माइक जोडला आणि म्हटलं, "दादा, पुढे लागतील ती वाक्यं आत्ताच बोलून ठेव. प्रत्येक वाक्याला नाव देऊ, त्यावर क्लिक केलंस की तुझाच आवाज बोलेल." आधी त्याने माझी यथेच्छ टिंगल केली. मग दार लावून रोज तासन्‌तास बसायला लागला. भूक लागलीय. पंखा बंद कर. तू जरा बस आता. अशी तीनशेच्या वर वाक्यं झाली. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने बजावलं होतं की याची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. मी "हो हो" म्हटलं आणि विसरलो. असला मी शहाणा.

ऑपरेशननंतर सात महिने त्या घरात दादाचा आवाज होता. वहिनी स्वयंपाकघरातून भांडायची, हा खोलीतून क्लिक करून उत्तरं द्यायचा. हरायला लागला की "मी काय म्हणालो?" हे एकच वाक्य पाच-पाचदा लावायचा. वहिनी कपाळावर हात मारून हसायची.

मग एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. दुकानदार घरी आला. डिस्क खराब होत चाललीय म्हणाला आणि दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावून दिला. पडद्यावर टक्के चढायला लागले. निघताना त्याने आम्हा तिघांना उभं करून सांगितलं, "मध्येच अडकल्यासारखं वाटेल. एकाच आकड्यावर दिवसच्या दिवस राहील. राहू द्या. काही झालं तरी बंद करू नका."

दुपारपर्यंत आकडा सत्तेचाळीसवर आला आणि तिथेच थांबला. दादा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला. जेवणही तिथेच घेतलं. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. तिसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. वहिनी औषधं आणायला बाहेर पडली, तेव्हा त्याने मला मेसेज केला, "अजून तिथेच आहे. काय करू?"

मी छापखान्यात मशीनवर होतो. एका हाताने उत्तर टाकलं, "अडकलेलं सोडवायचं मी तुला शिकवू?" पुढे हसरा चेहराही टाकला. तीन दिवस गप्प बसलेला माणूस जरा हसेल, एवढंच डोक्यात होतं.

त्याने मेन स्विच खाली केला. आकडेही मोजले असणार. स्विच वर केला.

दुकानदार ते धूड उचलून घेऊन गेला आणि चार दिवसांनी परत घेऊन आला. वायरी जोडताना त्याने आमच्याकडे पाहिलंच नाही. "नावं सगळी परत आलीत," तो म्हणाला. "पण आत काही नाही. सगळ्या फायली रिकाम्या आहेत."

मी दादाला म्हटलं, चूक माझी आहे, तो मेसेज मी करायला नको होता. कॉम्प्युटर बंद पडल्यापासून जवळ ठेवलेली पाटी ओढून त्याने लिहिलं, "स्विच माझ्या हाताने पडला." त्याने चार शिव्या लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझी इतकी किळस कधी वाटली नव्हती.

वहिनी कॉम्प्युटरपुढे बसली आणि पहिल्या नावापासून एकेक उघडायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, राहू द्या." तिने ऐकलं नाही. क्लिक करायची, थोडं थांबायची, पुढच्या नावावर जायची. असं करत ती यादीच्या तळाला पोचली. तिथे एक नाव आम्ही दोघांनीही आजवर पाहिलं नव्हतं. "मी गेल्यावर."

तिने तेही उघडलं. पडद्यावरची रेघ क्षणात डावीकडून उजवीकडे सरकली. काही नाही.

"यात काय बोलला होतात?" तिने विचारलं.

मी पाटी पुढे केली. त्याने ती बाजूला सारली, खुर्ची फिरवून तिच्यासमोर बसला आणि ओठ हलवू लागला. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. त्याच्या गळ्यातल्या भोकातून नुसता श्वास येत होता. वहिनीला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. तिने त्याला थांबवलं नाही.