फोन कुठून आला

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते, तेव्हा माझ्या नाकावर माशी बसत नव्हती. फोन कुठून येतो हे लेखी आदेशाशिवाय कुणालाही सांगायचं नाही, पोलिसांनासुद्धा नाही, हा नियम मला तोंडपाठ होता.

म्हणून एका मंगळवारी सकाळी फौजदार हात हलवत आला तेव्हा मी ऐकवलं, "कागद आणा, मग बोलू." त्याला हवा होता तलासरीकडचा एक मजूर. गवतकापणीच्या मजुरीवरून भांडण झालं, मालकाच्या मुकादमाचं डोकं फुटलं आणि हा परागंदा झाला. त्याची बायको डहाणूत एका मास्तरांकडे धुणंभांडी करायची. दर मंगळवारी सकाळी तो मास्तरांच्या घरी फोन करतो, एवढं फौजदाराला कळलं होतं. कुठून करतो, ते मला माहीत होतं. फौजदार हसला आणि खुर्ची ओढून बसला. मी त्याला चहा मागवला. कायदा पाळल्याचा मला कोण अभिमान वाटत होता.

तेवढ्यात बोर्डावर दिवा लागला. आम्ही ऑपरेटर समोरच्याला गावाच्या नावानेच हाक मारायचो. सवयीने मी म्हणाले, "हां झाई, बोला. मास्तरांकडेच ना?"

फौजदाराने कप खाली ठेवला. "झाईजवळच्या चौकीला लावा," म्हणाला. तो फोनही मीच जोडून दिला. मग म्हणाला, "आणि त्याची लाईन तोडू नका." त्यासाठी कागद मागायचं मला सुचलंच नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे. सुचलं होतं. मी घाबरले.

एरवी तीन मिनिटं झाली की मी खुशाल मध्ये तोंड घालायचे. त्या दिवशी वीस मिनिटं बोलू दिलं आणि कान लावून ऐकत बसले. बायको नुकती बाळंत झाली होती. बापाने पोर पाहिलं नव्हतं, त्याला निदान आवाज ऐकायचा होता. पोर झोपलेलं. तिने चिमटा काढून त्याला रडवलं. तो हसायला लागला. तो हसत असतानाच लाईनवर धडपड ऐकू आली.

चौकीत त्याचा उजवा हात मोडला. कोयता धरायचा हात.

आठवड्याने ती एक्स्चेंजमध्ये आली. खांद्याला पोर, पदरात चिकू. "बाय, त्याला धरला," म्हणाली. "पन तू लाईन तोडली नाय, म्हून त्याने पोराचा आवाज तरी आयकला."

मी चिकू ठेवून घेतले. घरी सगळ्यांनी आवडीने खाल्ले. गोड होते.