वाऱ्याकडची भिंत

आमच्या बेलार्मिनो मामाचा कुणावर विश्वास बसला तर समजा त्याला ताप आलाय.

चिलोए बेटावरचं हे शेतातलं घर त्याच्या आजोबानं बांधलं. भिंतींवर आलेर्सेच्या झाडाच्या लाकडी खपल्या ठोकल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. पुढं छपरावर पत्रा आला. मामा म्हणाला, "एवढा वाजतोय, म्हणजे गळणार." वीज आली, तर हा मीटर बघायला येणाऱ्याच्या मागं मागं फिरायचा. संडास घरात आला, तरी हा वर्षभर बाहेरच गेला. पण मी शाळा सोडली तेव्हा "का?" असं न विचारणारा तो एकटाच. त्याला कुणी वेडा म्हटलं की माझं डोकं फिरतं.

गेल्या हिवाळ्यात उत्तरेची भिंत झिरपायला लागली. वादळं तिकडूनच येतात, आणि एल्बा मामी त्याच खोलीत झोपते. छातीत कफ भरून तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाला, खोली कोरडी करा, नाहीतर पुढचा हिवाळा अवघड आहे.

मग एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस ट्रक घेऊन आला. "जुन्या खपल्या मी नेतो. चारी भिंतींना नवा पत्रा लावून देतो. फुकट."

"हो म्हणा की ओ," मामी म्हणाली. "का तो पत्रा माझ्या शवपेटीला ठोकायचाय?"

"फुकट तर पाद्रीपण काही देत नाही," मामा पुटपुटला. मग त्या माणसाला म्हणाला, "बरं. हिच्या भिंतीपासून सुरू कर."

"ती शेवटी. आधी दक्षिणेची."

दक्षिणेची भिंत तर ठणठणीत कोरडी!

"आजारी बाईला सोडून धडधाकटाला सुई टोचणारा डॉक्टर बघितलायस का रे?" मामानं मला विचारलं. चाकूनं दक्षिणेची एक खपली तासली. वरून राखाडी, आतून लालभडक, जशी काल कापलीय. "हे झाड तोडायला आता बंदी आहे. शहरातले बंगलेवाले अशी जुनी खपली शोधत फिरतात. हो ना, साहेब?"

साहेब बुटांकडं बघायला लागले. ट्रकचं दार मीच उघडून दिलं.

रविवारी मामानं मिंगा बोलावली. मिंगा म्हणजे गाव कामाला येतं, मजुरी नाही. पोटभर मटण-बटाटा, आणि उद्या त्यांच्या कामाला आपण. दक्षिणेच्या खपल्या उत्तरेला चढल्या. दक्षिणेला पत्रा लागला, मामानं बटाट्याची पोती देऊन आणलेला. काम चालू होतं तेवढा वेळ मामाची नजर सगळ्यांच्या खिशांवर.

शेजारचा नेफ्ताली वरून ओरडला, "बेलार्मिनो, माझे दातपण मोजून ठेव! जाताना कमी भरले तर?"

मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडं हिवाळा सुरू होताना, तीन दिवस वादळ झोडपत होतं. चौथ्या दिवशी सकाळी मामा मामीच्या खोलीत गेला, भिंतीला हात लावला, हात हुंगला. कोरडी. तरी मामा तिथून हलेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"ही खोकत का नाहीये?"

त्यानं तिला गदागदा हलवलं.

"मेले नाही ओ अजून!" पांघरुणातून मामी खेकसली. "झोपू द्या जरा."